पाण्याच्या पाइपांचा गंज आणि त्याचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या लाइनचा विषय बहुधा कुणाच्या तरी छतातून पाणी ठिबकायला लागल्यावरच निघतो. खालचे प्रश्न अशाच मीटिंगांमधून येत राहतात. काही ग्रामपंचायतींकडून येतात, काही नवीन घर बांधणाऱ्यांकडून. उत्तरांत जिथे ‘समजा’ म्हटले आहे तिथले रुपयांचे आकडे फक्त हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी आहेत. आपल्या गावचे दर घालून तोच हिशेब पुन्हा करून पाहा.

गंजाचे नुकसान खरोखर एवढे मोठे असते का?

अमेरिकेत २००२ साली याचा देशभराचा हिशेब मांडला गेला. गंजाचा थेट खर्च वर्षाला २७,६०० कोटी डॉलर निघाला, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.१ टक्के. त्यात पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांचा वाटा ३,६०० कोटी डॉलर होता. गॅसवाहिन्या आणि वीजपुरवठा या दोन्हींचा खर्च एकत्र केला तरी त्याच्या जवळपासही जात नव्हता. पुढे २०१६ मध्ये नेस या गंजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने जगाचा आकडा काढला: वर्षाला अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या ३.४ टक्के. भारताचा वाटा त्यात ७,०३० कोटी डॉलर, आपल्या उत्पन्नाच्या ४.२ टक्के. आज माहीत असलेले उपाय नीट वापरले तर यातला १५ ते ३५ टक्के खर्च टळू शकतो, असेही त्या अहवालात म्हटले आहे.

हे आकडे भाषणात चांगले दिसतात. सेक्रेटरीच्या टेबलावर त्यांचा उपयोग शून्य, कारण तिथे प्रश्न एवढाच असतो की या महिन्यात प्लंबरला किती द्यायचे.

आमच्या सोसायटीच्या ताळेबंदात हा खर्च कुठे दिसतो?

कुठेच दिसत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. गंजाला स्वतःचे खाते नाही. गळालेले पाणी ‘टँकर’ या नावाखाली जाते. अरुंद झालेल्या पाइपातून पाणी ढकलायला लागणारी वीज ‘कॉमन लाइट’मध्ये. क्लॅम्प, एम-सील आणि प्लंबरची मजुरी ‘किरकोळ दुरुस्ती’मध्ये. ओल आलेली भिंत ‘रंगकामा’त. उरलेले सभासदांच्या खिशातून जाते आणि कमिटीच्या कानावरही येत नाही: आरओचे फिल्टर लवकर चोंदतात, वॉशिंग मशिनची जाळी भरते, गिझरची टाकी फुटते, पांढऱ्या कपड्यांवर तांबूस डाग पडतात.

समजा ४० फ्लॅटची इमारत आहे आणि गढूळ लाल पाण्यामुळे प्रत्येक घरात वर्षाला एक जादा फिल्टर बदलावा लागतो, ४०० रुपयांचा. झाले १६,००० रुपये. सोसायटीच्या वहीत त्यातला एक रुपयाही नाही. म्हणून वार्षिक सभेत (एजीएम) कुणी ‘सगळी लाइन बदलू’ म्हटले की लोकांना एका बाजूला काही लाख रुपये दिसतात आणि दुसऱ्या बाजूला काहीच दिसत नाही. मग ठराव पुढच्या वर्षावर जातो.

एक वही घाला. पाण्याच्या लाइनवर, तिच्यामुळे आणि तिच्यापायी झालेला प्रत्येक खर्च एकाच पानावर, तारखेसह लिहा. मजला आणि जागाही लिहा. बारा महिन्यांनी ते पान नुसते वाचून दाखवले की चर्चेचा सूर बदलतो.

एका बारीक छिद्राने असे किती पाणी जाणार?

आकडेमोड करूनच पाहू. पार्किंगच्या फरशीखालून जाणाऱ्या लाइनला ३ मिलिमीटरचे छिद्र पडले आहे. गच्चीवरची टाकी तिथून २० मीटर उंच आहे, म्हणजे साधारण सहा-सात मजली इमारत. एवढ्या दाबाने त्या छिद्रातून दिवसाला सुमारे ७,००० लिटर पाणी जाते. टाकीचा दाब चोवीस तास असतो, त्यामुळे गळतीलाही सुट्टी नाही. महिन्याला २ लाख १० हजार लिटर.

याची किंमत काय, हे तुमचे शेवटचे पाणी कुठून येते त्यावर ठरते. महापालिकेचे पाणी पुरून उरते आणि दर समजा हजार लिटरला ७ रुपये आहे, तर महिन्याला जेमतेम १,५०० रुपये. कुणी लक्षही देणार नाही. पण पालिकेचे पाणी अपुरे पडते आणि उरलेली गरज १०,००० लिटरच्या टँकरने भागते, समजा टँकर १,५०० रुपयांना, तर तेच छिद्र महिन्याला ३१,५०० रुपये खाते. पाइप तोच आणि छिद्रही तेच, पण खर्च एकवीस पट. ज्या सोसायट्या एप्रिल-मेमध्ये टँकरवर असतात त्यांनी गळतीचा शोध फेब्रुवारीतच घ्यावा, हा सल्ला यातूनच निघतो.

जमिनीखालची गळती शोधायची कशी? फरशी उखडायची का?

आधी गळती आहे का ते बघा. रात्री एकनंतर पंप बंद, वरच्या टाकीत येणारे पाणी बंद. टाकीतल्या पाण्याची पातळी भिंतीवर खडूने आखा आणि पहाटे पाचला पुन्हा बघा. टाकी ४ बाय ३ मीटरची असेल तर पातळी १ सेंटिमीटर उतरली की १२० लिटर गेले. वरच्या उदाहरणातले छिद्र चार तासांत सुमारे १,२०० लिटर घालवते, म्हणजे पाणी १० सेंटिमीटर खाली आलेले दिसेल. मध्यरात्री कुणी फ्लश केला असेल, पण त्याने १० सेंटिमीटर उतरत नाही.

मग एकेका विंगचा व्हॉल्व्ह बंद करून पुढच्या रात्री तेच करा. कुठल्या फांदीवर गळती आहे ते कळते. फरशी त्यानंतर, आणि तेवढीच. अडचण एकच: बऱ्याच इमारतींत हे गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे कुणी फिरवलेलेच नसतात. ते गंजून जाम झालेले असतात, जोर लावला की दांडा तुटतो. त्यामुळे पहिल्या रात्रीचे काम बहुधा व्हॉल्व्ह बदलण्याचेच ठरते. सहा महिन्यांतून एकदा पंपमनला प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा उघडायला सांगा. याला पैसे लागत नाहीत.

विजेचे बिल गंजामुळे वाढते का?

वाढते, पण लोक समजतात तेवढे नाही. हजार लिटर पाणी ३० मीटर वर चढवायला, पंप आणि मोटर मिळून निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले, तर ०.१६ युनिट लागते. वरच्या गळतीचे ७,००० लिटर चढवायला दिवसाला सव्वा युनिटही लागत नाही. पाइप आतून खडबडीत झाल्याने घर्षण वाढते ते वेगळे. तरीही सोसायटीच्या पातळीवर विजेचा वाटा लहानच राहतो. शहराच्या किंवा तालुक्याच्या योजनेत मात्र जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीपासून, मैलोन्‌मैल पाणी ढकलायचे असते आणि तिथे हेच घर्षण मोठ्या रकमेचे होते. वीजबचतीच्या नावाखाली कुणी लाइन बदलण्याचा प्रस्ताव आणला तर त्याच्याकडून आकडे मागा. लाइन बदलायची खरी कारणे वेगळी असतात.

नळाला पाणीच बारीक येते. हाही गंजच का?

इमारत वीस-पंचवीस वर्षांची आणि पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, असतील तर बहुतेक वेळा हो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. पाइपाच्या आत त्याचे फोड येतात आणि पाण्याची वाट अरुंद होते. २५ मिलिमीटरच्या पाइपात प्रत्यक्ष वाट २० मिलिमीटरची राहिली, तर तेवढ्याच प्रवाहाला लागणारा दाब जवळपास तिप्पट होतो. त्यात आतला पृष्ठभाग खडबडीत झाला की आणखी दुप्पट. वरच्या मजल्यावर टाकीचा दाब मुळातच कमी असतो, म्हणून सगळ्यात वरचे लोक आधी ओरडतात आणि तळमजल्याच्या लोकांना त्यांचे पटत नाही.

यावर सोपा म्हणून जो उपाय केला जातो तो प्रेशर पंपाचा. नवा दाब जुन्या, भिंत पातळ झालेल्या पाइपावर पडतो आणि जिथे झिरपत होते तिथे फुटते. लाइन तपासल्याशिवाय प्रेशर पंप बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

जीआय पाइपाला जस्ताचा मुलामा असतो ना? मग तो गंजतो कसा?

जस्त आधी झिजते आणि तोवर लोखंडाला राखते. थर संपला की पाळी लोखंडाची. पण तो थर सगळीकडे सारखा झिजत नाही.

पहिली कच्ची जागा म्हणजे आटे. प्लंबर डाय फिरवून आटे पाडतो तेव्हा तिथले जस्त कापले जाते आणि पाइपाची भिंतही जवळपास निम्मी होते. म्हणून सरळ पाइप शाबूत असतो आणि गळती सॉकेटजवळ, एल्बोजवळ, टीजवळ सुरू होते. ‘ए’ वर्गाचा, पिवळ्या पट्ट्याचा हलका पाइप घेतला असेल तर आट्यांखाली उरते ते फारच थोडे. निळ्या पट्ट्याचा मध्यम किंवा लाल पट्ट्याचा जड पाइप घेतला की आयुष्य वाढते ते याच सांध्यांचे.

दुसरी जागा म्हणजे गरम पाण्याची लाइन. पाणी ६० अंशांच्या आसपास किंवा त्याहून गरम झाले की काही पाण्यांत जस्ताचा गुणधर्म उलटतो. ते लोखंडाला राखायचे सोडते आणि लोखंडच त्याच्यासाठी झिजू लागते. गच्चीवरच्या सोलर हीटरमध्ये उन्हाळ्यात पाणी सहज एवढे तापते. गार पाण्याची लाइन ठणठणीत असताना सोलरची लाइन काही वर्षांतच सडते ती यामुळे. सोलरला जीआय वापरू नये.

तिसरी जागा म्हणजे तांबे किंवा पितळ आणि जीआय यांचा जोड. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतो तो जीआय. आधी तांब्याचा पाइप आणि पुढे जीआय अशी रचना सर्वात वाईट, कारण पाण्यात विरघळलेले तांबे पुढे जाऊन जीआयच्या आत बसते आणि तिथे खड्डे पडतात. जोडायचेच असेल तर मध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा धातूंचा स्पर्श तोडणारे युनियन बसवून घ्या.

आमच्याकडे पाणी रोज दोनच तास येते. पाइप रिकामा असताना तरी गंज कमी व्हायला हवा ना?

उलट होते. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. सतत भरलेल्या पाइपात पाण्याबरोबर येतो तेवढाच ऑक्सिजन असतो. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, हवा आत शिरते, भिंती ओल्याच राहतात आणि गंजाला हवे ते सगळे मिळते. दुसऱ्या दिवशी पाणी धडाक्याने आले की सैल झालेला गंज घेऊनच ते तुमच्या टाकीत पडते.

दुसरा धोका अधिक मोठा आहे. पाइप रिकामा होताना आत पोकळी तयार होते आणि गंजाच्या छिद्रातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेजारून गटार जात असेल तर काय ओढले जाईल हे सांगायला नको. गॅस्ट्रो आणि काविळीच्या साथींनंतर जुन्या वाहिन्यांची तपासणी होते ती याच कारणाने. दवाखान्याची बिले गंजाच्या खर्चात कुणी धरत नाही. धरायला हवीत.

चोवीस तास पाण्याची योजना म्हणजे चैन, अशी एक समजूत आहे. कराडजवळच्या मलकापूरने ती खोटी पाडली. तिथे मीटर लावून चोवीस तास पाणी दिले गेले. पाइप कायम दाबाखाली भरलेला राहतो, हा त्या पद्धतीचा फारसा बोलला न जाणारा फायदा आहे.

महापालिकेच्या मोठ्या वाहिन्यांचे काय?

तिथेही तेच, फक्त आकडे मोठे. मुंबईत तानसाचे पाणी १८९२ मध्ये आले आणि त्या काळापासूनच्या पाणीपुरवठ्याचा डोलारा पुढच्या पिढ्यांनी सांभाळला. आता पालिकेने जमिनीवरच्या मोठ्या जलवाहिन्यांच्या जागी खोल बोगदे खणले आहेत: मलबार हिल ते क्रॉस मैदान, मरोशी ते रुपारेल, गुंदवली ते भांडुप. बोगद्याला आतून काँक्रीटचे अस्तर असते, त्यामुळे गंजाची आणि वरून होणाऱ्या तोडफोडीची चिंता संपते. मात्र बोगद्यातून बाहेर पडल्यावर पाणी गल्लीतल्या जुन्या लोखंडी वाहिनीतच जाते.

जुने बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पाइप आणखी एका कारणाने फसवतात. त्यातले लोखंड विरघळून जाते आणि ग्राफाइट तसेच उरते. बाहेरून पाइप अख्खा दिसतो, पण चाकूने खरवडता येतो. वरून जड डंपर गेला की फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते ती ‘अचानक’ फुटल्याची.

नळातून लाल पाणी येते. दोष कुणाचा?

सकाळी उठल्यावर पहिला पेला भरून ठेवा. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या आणि दुसरा पेला भरा. पहिला लाल आणि दुसरा स्वच्छ असेल तर दोष तुमच्याच घरातल्या पाइपाचा, रात्रभर साचलेले पाणी तिथे लाल झाले. दोन्ही लाल असतील तर गच्चीवरची टाकी किंवा इमारतीची मुख्य लाइन बघा. पाणीकपातीनंतर सगळ्या आळीतच लाल पाणी आले तर बाहेरची वाहिनी. बोअरच्या पाण्यात लाल रंगाबरोबर बुळबुळीत थर असेल तर लोहजिवाणूंची शंका घ्या. तिथे नुसता पाइप बदलून भागत नाही.

लोहाचा लाल रंग सहसा तब्येतीला थेट अपायकारक नसतो. म्हणून तो खपवून घेतला जातो.

कोकणात पाइप लवकर सडतात, देशावर टिकतात. असे का?

पाण्याच्या स्वभावामुळे. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मऊ आणि बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असते. असे पाणी जस्त आणि लोखंड दोन्ही विरघळवते. त्यात समुद्रावरची खारी हवा बाहेरून पाइप खाते. अशा ठिकाणी जीआय घेणे म्हणजे काही वर्षांनी पुन्हा पैसे घालायची तयारी ठेवणे.

देशावर, काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी जड असते. त्यातला चुना पाइपाच्या आत थर करून बसतो. गिझरला आणि नळाच्या जाळीला तो त्रास देतो, पण पातळ थर असेपर्यंत लोखंडाला तोच आडोसा होतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सोसायटीने सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र, बसवला की तो थर बसणे थांबते आणि जुने जीआय पाइप पूर्वीपेक्षा जास्त गंजू शकतात. सॉफ्टनरचे कोटेशन देणारा हे सहसा सांगत नाही.

विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा भाग, हे वेगळेच प्रकरण आहे. भूजलात क्षार भरपूर. क्लोराइड लोखंडावरचा कुठलाही संरक्षक थर टिकू देत नाही. बोअरमध्ये सोडलेल्या जीआय पाइपाचे आटे खाल्ले जातात आणि एक दिवस पंप पाइपासकट बोअरच्या तळाशी जातो. तो काढता आला नाही तर पंपही गेला आणि बोअरही. म्हणून अशा भागात बोअरमध्ये पीव्हीसीचे जाड पाइपच सोडावेत.

हातपंपांचीही हीच गत. देशभर पसरलेल्या इंडिया मार्क टू हातपंपाचा आराखडा १९७० च्या दशकात सोलापूर आणि जालन्याला बनलेल्या पंपांवरून पुढे आला, ही आपल्याकडची अभिमानाची गोष्ट. पण त्याचे उभे पाइप जीआयचे. आम्लधर्मी किंवा खाऱ्या पाण्यात ते गंजतात, सकाळचे पहिले पाणी लाल येते आणि गाव म्हणते ‘बोअरलाच लोह लागले’. मग बायाबापड्या लांबच्या विहिरीवर जातात. बोअर चांगला असतो, पाइप खराब असतात.

गंजामुळे अख्खे शहर संकटात आल्याचे उदाहरण आहे का?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले फ्लिंट. सुमारे लाखभर वस्तीचे, पूर्वी मोटारी बनवणारे आणि नंतर दिवाळखोरीच्या काठावर आलेले शहर. राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या काळात, एप्रिल २०१४ मध्ये, खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटकडून येणारे तलावाचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घेतले गेले. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त. डेट्रॉइटच्या पाण्यात गंजरोधक फॉस्फेट असायचे, ज्याने पाइपांच्या आत पातळ थर टिकून राहायचा. नव्या पाण्यात ते घातलेच नाही. थर निघाला, लोखंड गंजू लागले आणि जुन्या जोडण्यांमधले शिसे पाण्यात उतरले. गंजाने क्लोरीनही खाऊन टाकले, त्यामुळे जंतूंना रान मोकळे मिळाले. लीजनेअर्स या न्यूमोनियाच्या साथीत किमान १२ माणसे दगावली.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी घेणे बंद केले, कारण यंत्राचे भाग गंजत होते. लोक तेच पाणी आणखी वर्षभर पीत राहिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले.

फॉस्फेटचा खर्च दिवसाला १०० डॉलरच्या आसपास झाला असता, असा अंदाज तेव्हा वारंवार मांडला गेला. त्या दीड वर्षाचे साठ हजार डॉलरही होत नाहीत. पीडितांसाठीची तडजोडीची रक्कम पुढे ६२ कोटी डॉलरच्या वर गेली, आणि त्यात सगळे पाइप उखडून बदलण्याचा खर्च धरलेलाच नाही. पाण्याचा स्रोत बदलताना तुमच्या पाइपांना ते पाणी मानवेल का, हे विचारायचे असते. आपल्याकडे धरण बदलते, बोअर जोडला जातो, टँकरचे पाणी मिसळते, आणि हा प्रश्न निविदेत कुठेच नसतो.

पॅच मारत राहायचे की सगळी लाइन बदलायची?

हिशेब असा करा. समजा नवीन लाइनचा खर्च ६ लाख रुपये आणि आयुष्य २५ वर्षे. भागाकार केला की वर्षाला २४,००० येतात आणि सगळे खूश होतात. पण हे पैसे ठेवीतून काढले तर व्याजही बुडते. ७ टक्के व्याज धरून वर्षाचा खरा बोजा सुमारे ५१,५०० रुपये पडतो. वहीतल्या पानावरची बेरीज, म्हणजे गळालेले पाणी, प्लंबर, रंग आणि सभासदांचे नुकसान, याहून जास्त असेल तर पॅच मारणे म्हणजे दरवर्षी तोटा. कमी असेल तर थांबा, आणि थांबण्याची लाज वाटायचे कारण नाही. गळती एकाच जागी असेल तर तेवढाच भाग बदला. मात्र वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या सांध्यांना गळती लागली असेल तर पाइपाचे आयुष्यच सरले असे समजा.

पैसे कुठून आणायचे? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती-देखभाल निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) ०.२५ टक्के गोळा करायचा असतो. जिथे हा नियम पाळला गेला तिथे प्रश्न सुटतो. जिथे मेंटेनन्स कमी ठेवण्याच्या नादात निधी गोळाच केला नाही, तिथे जादा वर्गणी आणि भांडण दोन्ही येते. सामाईक लाइन सोसायटीची, फ्लॅटच्या आतली सभासदाची, हा वादही आधीच मिटवून ठेवावा. इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असतेच. त्याच वेळी पाण्याच्या लाइनचीही पाहणी करून घ्या.

प्लास्टिकचे पाइप टाकले की विषय संपला?

गंजाचा संपतो. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहरीचे पाणी खापरी नळांतून खेळवले तेव्हाही गंजाचा प्रश्न नव्हता. पण प्रत्येक पाइपाचे आपले दुखणे असते. यूपीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो, गच्चीवर त्याला रंग किंवा आच्छादन हवेच. गरम पाण्याला तो चालत नाही, तिथे सीपीव्हीसी किंवा पीपीआर लागतो. सीपीव्हीसी तापला की लांबतो, त्याला हलायला जागा न ठेवता क्लिपा आवळल्या की सांधे तडकतात. स्वस्त पीव्हीसी पाइपांत शिशाची संयुगे मिसळली जायची, त्यावर २०२१ मध्ये केंद्राने नियम केले. घेताना शिसेविरहित असल्याची खूण बघा.

आणि आगीच्या हायड्रंटची लाइन प्लास्टिकची करता येत नाही. ती लोखंडीच राहणार. एरवी तिच्यात पाणी साचून असते, आतला ऑक्सिजन संपतो आणि गंज मंदावतो. विनाकारण ती रिकामी करून पुन्हा पुन्हा भरली की ताजा ऑक्सिजन आत जातो. चाचणी मात्र टाळायची नाही. महाराष्ट्रात दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. कागदावर सही झाली पण हायड्रंटचा व्हॉल्व्ह गंजून जाम, अशा इमारती कमी नाहीत.

काँक्रीटच्या टाकीला गंजाचा काय त्रास?

काँक्रीटला नाही, आतल्या सळ्यांना. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. टाकीत सर्वात वाईट जागा पाण्याखालची नसून पाण्याच्या वरची, स्लॅबची खालची बाजू असते. तिथे वाफ आणि क्लोरीन दोन्ही धरते. टाकी धुणारे लोक तळ घासतात, वर बघत नाहीत. त्यांना मोबाइलवर स्लॅबचा फोटो काढून आणायला सांगा. तांबूस रेषा किंवा पोपडे दिसले तर आत्ताची दुरुस्ती हजारांत होईल, नंतरची लाखांत. टाकीतली लोखंडी शिडी काढून टाका.

चुंबकाचे किंवा ‘लहरींचे’ यंत्र लावून गंज थांबतो का?

पाइपाला बाहेरून बांधलेल्या चुंबकाने गंजलेली लाइन सुधारत नाही. तेवढ्या पैशात दोन व्हॉल्व्ह बदला.

ग्रामपंचायतीने काय करावे?

जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून गावोगावी नव्या लाइन आल्या. बांधकामाला पैसा वरून येतो, देखभाल गावाने पाणीपट्टीतून करायची. पाणीपट्टी ठरवताना वीज, पंपचालकाचा पगार आणि टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग पावडर) धरतात. पाइप झिजतो आहे याचे पैसे कुणी धरत नाही. दहा-पंधरा वर्षांनी लाइन संपली की नव्या योजनेची वाट बघणे सुरू. पाणीपट्टीचा थोडा भाग वेगळ्या खात्यात बदलीसाठी टाकावा. निवडणुकीच्या तोंडावर हे अवघड जाते, हे मान्य. निदान दोन गोष्टी बिनपैशाच्या आहेत: नकाशावर प्रत्येक व्हॉल्व्ह आणि प्रत्येक गळतीची जागा मांडणे, आणि पाणी तपासायला देताना पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते) आणि क्लोराइडचे आकडे मुद्दाम मागून ठेवणे. पुढचा पाइप कुठला घ्यायचा ते त्या दोन आकड्यांवरून ठरते.

जुने पाइप काढल्यावर त्यांचे काय करायचे?

कोटेशन घेतानाच भंगाराचे बोला. मध्यम वर्गाचा ५० मिलिमीटरचा नवा जीआय पाइप मीटरला सुमारे ५ किलो भरतो, म्हणजे १०० मीटर लाइनचे ५०० किलो. गंजून वजन घटलेले असते, तरी उरलेले लोखंड फुकट देण्याइतके कमी नसते. बरेच ठेकेदार ‘काढून नेणे आमच्याकडे’ असे लिहितात आणि भंगार त्यांचेच होते. वजन सोसायटीच्या माणसासमोर काट्यावर करा आणि रक्कम बिलातून वजा करून घ्या. व्हॉल्व्ह आणि नळांचे पितळ वेगळे मोजा, त्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी वर असतो. एक कापलेला तुकडा, आतून बुजत आलेला, कमिटीच्या कपाटात ठेवा. पुढच्या वेळी ठराव मांडताना तो टेबलावर ठेवता येईल.